कुठल्या कंपनीचे तुम्ही?

अर्जात 'पोशाख' असा रकाना नसतो. मोर्चा असो, रॅली असो, मिरवणूक असो, पोलीस ठाण्यात द्यायच्या अर्जात मार्ग लिहायचा, वेळ लिहायची, माणसं किती येणार ते लिहायचं, भोंगा लावणार का ते लिहायचं. माणसं कपडे घालून येणार हे धरलेलंच असतं. उघड्या अंगाने काढायच्या सायकल राईडसाठी आम्ही तो अर्ज तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा तिथेच अडलो.

मी नेरूळला राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. कागदोपत्री तंत्रज्ञ, लोकांसाठी 'सुईवाल्या ताई'. चाळिशी ओलांडल्यावर वजन कमी करायचं म्हणून सायकल घेतली. वजन आहे तिथेच आहे, पण पहाटे पाम बीचवर जायची सवय लागली ती लागलीच. सहा वर्षं झाली. पंचवीस-तीस जणांचा आमचा ग्रुप आहे. रेल्वेतून निवृत्त झालेले काका आहेत, बेलापूर कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या वकीलवहिनी आहेत, एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना सगळे बाईच म्हणतात. बाकी आयटीतली, बँकेतली पोरं.

पाम बीच ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वाशीपासून बेलापूरपर्यंत दहा किलोमीटरच्या आसपासचा रुंद रस्ता, एका अंगाला खाडी आणि कांदळवन, दुसऱ्या अंगाला इमारती. पहाटे साडेपाचला जवळजवळ रिकामा. आणि रिकामा असणं हाच धोका, कारण गर्दीत गाडीला वेग घेता येत नाही, इथे येतो. २८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे याच रस्त्यावर नेरूळजवळ अवतार सैनी सायकलवर असताना कॅबच्या धडकेत गेले. इंटेलचे भारतातले माजी प्रमुख, पेंटियम चिप ज्यांच्या देखरेखीखाली घडली त्यांपैकी एक, वय ६८. आमच्यातल्या कुणाची त्यांची ओळख नव्हती, पण रस्ता तोच आणि वेळही तीच. पुढचे पंधरा दिवस सगळ्यांनी सायकलला मागे दोन-दोन लाल दिवे लावले. मग हळूहळू एकच राहिला.

त्यानंतर वर्षभराने आमच्यातल्याच एकाला मागून गाडी घासली. कॉलरबोन मोडलं, तीन महिने घरी. गाडी थांबली नाही, नंबर कुणी पाहिला नाही. मग आम्ही पत्रं लिहायला लागलो. मागणी साधी: रविवारी तरी पहाटे पाच ते आठ डाव्या कडेला कोन लावून एक लेन सायकलला द्या आणि चौकांच्या आधी वेग मोडेल असं काहीतरी करा. चौदा महिन्यांत पाच पत्रं गेली. उत्तर एक आलं: 'आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव पाठविण्यात आला आहे.' कुणाकडे, ते लिहिलं नव्हतं.

उघड्या राईडची कल्पना 'लंडन'ची. त्याचं नाव लंडन नाही, पण कंपनीच्या कामासाठी दोन वर्षं तिथे राहून आला आणि तेव्हापासून ते नाव चिकटलं. चहाच्या टपरीवर एका रविवारी तो म्हणाला, "ताई, तिथे जूनमध्ये हजारावर माणसं नागडी होऊन भर शहरातून सायकल चालवतात. पोलीस सोबत असतात. मीही चालवली आहे."

काकांच्या हातातला चहा हिंदकळला. "तू? पूर्ण?"

"चड्डीवर. नियमच तसा आहे, ज्याला झेपेल तेवढं काढायचं."

मग त्याने सगळं सांगितलं. स्पेनमधल्या झारागोझा शहरात २००१ मध्ये असं काही सुरू झालं होतं. पुढे कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या कॉनरॅड श्मिटने त्याचं जगभराचं आंदोलन केलं, आणि १२ जून २००४ ला एकाच दिवशी दहा देशांतल्या अठ्ठावीस शहरांत पहिली राईड निघाली. तेव्हा भांडण तेलाशी होतं. पेट्रोलवरचं अवलंबन आणि गाड्यांनी बळकावलेले रस्ते याविरुद्ध. सायकलवाल्यांची सुरक्षा हा मुद्दा त्यातच होता, हळूहळू तो पुढे आला. दक्षिण गोलार्धातली शहरं मार्चमध्ये काढतात, उत्तरेकडची जूनमध्ये. लंडनला पहिल्या वर्षी जेमतेम पन्नास-साठ माणसं होती.

"पण कपडे काढून काय होतं?" मी विचारलं.

त्याने दिलेलं उत्तर अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. म्हणाला, "ताई, गाडीसमोर सायकलवाला रोजच नागडा असतो. त्यांच्याकडे पत्रा आहे, बेल्ट आहे, एअरबॅग आहे. आपल्याकडे ही टी-शर्ट. ती काढायची म्हणजे जे आहे तेच दाखवायचं. तिथे लोक पाठीवर लिहितात, 'आता दिसलो का?'"

रोज माणसांचे हात उघडे करून बघते मी. कातडी किती पातळ असते ते मला कुणी सांगायला नको. मला पटलं. निदान त्या सकाळी तरी पटलं.

पुढचे तीन रविवार सायकल कमी आणि वाद जास्त. वकीलवहिनींनी पहिल्याच दिवशी कलमं काढली: भारतीय न्याय संहितेचं २९६, सार्वजनिक जागी अश्लील कृती, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ११०, रस्त्यात असभ्यपणे अंग उघडं टाकणं. लंडन म्हणाला, तिकडे नुसतं नागडं असणं हा गुन्हा नाही, समोरच्याला घाबरवायचा किंवा त्रास द्यायचा हेतू असावा लागतो. वहिनी म्हणाल्या, "तिकडे."

काका मुद्द्याचं बोलले. "२०१५ ला मी त्र्यंबकला होतो, सिंहस्थाला. नागा साधू स्नानाला निघाले, पोलिसांनी दोन्ही बाजूंनी दोर धरून वाट करून दिली. इथे दिगंबर जैन मुनी विहार करतात, लोक रस्त्यावर वाकून नमस्कार करतात. नागडेपणाला कुणाची हरकत आहे? हरकत आहे ती आपल्याला. आपण कोण, तर अंगात लायक्रा घालणारी माणसं."

सगळे हसले, पण ते खरं होतं. आपल्याकडे उघड्या अंगाचे अर्थ आधीच ठरलेले आहेत. साधूचं वैराग्य आणि पैलवानाची ताकद आहे, आणि आंदोलनातलं उघडं अंग म्हणजे गरिबी. गांधीजींनी २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत अंगरखा टाकून पंचा गुंडाळला तोही याच हिशेबाने, ज्यांना पुरेसा कपडा परवडत नाही त्यांच्यासोबत उभं राहायला. महाराष्ट्रात अर्धनग्न मोर्चा हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शेतकरी काढतात, कामगार काढतात. त्याचा अर्थ एकच: आम्हाला लुबाडलंय, अंगावर काही उरलेलं नाही. मला हे तेव्हा नुसतं माहीत होतं. आमच्यावर काय वेळ येणार आहे ते कळलं नव्हतं.

बायकांचं काय करायचं, हा प्रश्न कुणी तोंडाने विचारला नाही. आम्ही नऊ जणी होतो. पुरुष आपसात छातीवर काय लिहायचं ते ठरवत होते आणि आम्ही पाण्याच्या बाटल्यांच्या हिशेबात गुंतलो होतो. शेवटी कॉलेजात शिकणारी एक पोरगी म्हणाली, "म्हणजे ज्यांना गाडी घासते ते सगळे पुरुषच ना?" मग सगळे गप्प.

तेव्हा कुणीतरी मणिपूरचा विषय काढला. २००४ च्या जुलैत इंफाळला कांगला किल्ल्याच्या दारात बारा बायका विवस्त्र उभ्या राहिल्या होत्या, आसाम रायफल्सने पकडून नेलेल्या थांगजम मनोरमाच्या हत्येनंतर. त्यातून काहीतरी झालं ना? झालं. त्याच ऑगस्टमध्ये इंफाळ शहराच्या हद्दीतून लष्कराला विशेषाधिकार देणारा कायदा उठला, नोव्हेंबरात आसाम रायफल्सने कांगला सोडला. बाकी राज्यात कायदा तसाच राहिला. बाई इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "त्यांचं नाव इथे घेऊ नका. त्या बायकांपाशी दुसरं काही उरलं नव्हतं. आपल्याला रविवारी तीन तासांची लेन हवी आहे." आणि हेल्मेट घालून निघाल्या. मला त्या दिवशी त्यांचा थोडा राग आला. आता येत नाही.

ठरलं ते असं: पुरुषांपैकी ज्यांना उघडं यायचं आहे त्यांनी कमरेवर उघडं यायचं, बायकांनी नेहमीच्या कपड्यांत. आणि आम्ही हातावर मेंदीने लिहायचं. ही कल्पना माझी. नाही तरी लग्नसराईत मेंदीचा कोन घरात पडलेला असतोच.

आता परवानगी. ज्यांना असलं काही काढायचं आहे त्यांच्या उपयोगाचा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. अर्ज दोन प्रतींत न्यायचा, एकीवर आवक शिक्का मारून घ्यायचा. तो शिक्का जिवापाड जपायचा, पुढे प्रत्येक जण तोच मागतो. अर्ज ठाण्यात देतात, पण खरं बोलणं होतं ते गोपनीय शाखेच्या अंमलदाराशी. मोर्चे, उपोषणं, कोण कुठे बसणार, हे सगळं त्यांच्याकडे. वाहतूक शाखेचा अभिप्राय वेगळा लागतो. आयोजकांची आधार कार्डं, स्वयंसेवकांची यादी, रुग्णवाहिकेची सोय आणि 'काही अनुचित घडल्यास आम्ही जबाबदार' असं हमीपत्र. त्यावर सही करताना माझा हात अडला होता. रक्ताच्या फॉर्मवर रोज शंभर सह्या करते, पण ही वेगळी वाटली.

गोपनीयचे अंमलदार पन्नाशीचे, अतिशय शांत. त्यांनी आमचा पहिला अर्ज वाचला. त्यात वहिनींनी प्रामाणिकपणे 'काही पुरुष सहभागी अर्धनग्न अवस्थेत सायकल चालवतील' असं लिहिलं होतं.

"कंपनी कुठली?" त्यांनी विचारलं.

"कंपनी नाही. आम्ही सायकलवाले."

"थकबाकी किती?"

"थकबाकी नाही साहेब. लेन पाहिजे."

त्यांनी चष्मा काढला. "पैशाची मागणीच नाही? मग अर्धनग्न कशाला?" चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच उमगत नव्हतं. लंडनने पत्रा आणि एअरबॅगचं सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "विचार चांगला आहे. पण हा शब्द काढा. अर्धनग्न म्हटलं की वरून फोन येतो, आणि होळी तोंडावर आहे."

दुसऱ्या अर्जात आम्ही 'पारंपरिक व्यायामाच्या वेशात' लिहिलं. हे काकांचं डोकं. तो अर्ज त्यांनी हसून परत दिला. तिसऱ्यात कपड्यांचा उल्लेखच नव्हता. तो घेतला गेला, आणि दोन दिवसांनी हातात नोटीस आली. पूर्वी तिला १४९ ची नोटीस म्हणायचे, नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १६८ झालं, पण ठाण्यात सगळे अजून १४९ च म्हणतात. मजकूर असा की मनाई आदेश लागू आहे, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास तुम्हाला जबाबदार धरून हीच नोटीस पुरावा म्हणून वापरली जाईल. म्हणजे परवानगी मिळाली की नाही? वहिनी म्हणाल्या, "नाकारली असं कुठे लिहिलंय?" अंमलदारांनी शेवटी एवढंच सांगितलं: "रांगेत चला, सिग्नल पाळा, आठला संपवा. आणि ताई, कमरेखाली काही नको हं."

मार्चचा पहिला रविवार. सहाला आम्ही वाशीच्या बाजूला जमलो. अडतीस जण, त्यांतले एकोणतीस पुरुष. उघडं यायचं म्हणून नावं चोवीस जणांनी दिली होती, प्रत्यक्षात शर्ट एकोणीस जणांनी काढले. हवेत गारवा होता, पोटं आत ओढलेली. सहा वर्षं ज्यांना आपण हेल्मेट आणि गॉगलमध्ये बघतो ती माणसं एकदम ओळखू येईनात. काकांच्या छातीवर मधोमध उभा पांढरट व्रण होता, गळ्याखालून थेट खालपर्यंत. बायपास. कधी बोलले नव्हते. दोघांची जानवी दिसली. जातीचा विषय ग्रुपमध्ये कधी निघाला नव्हता, आणि आता सगळे मुद्दाम दुसरीकडे बघत होते. त्यांतल्या एकाने थोड्या वेळाने शर्ट परत घातला, थंडी वाजते म्हणाला. थंडी वाजतच होती म्हणा.

पाठीवर लिहायचं काम माझ्याकडे, हात स्थिर म्हणून. मार्कर पेनने 'आता दिसलो का?' एकोणीस वेळा. पाठ ही लिहायला फार वाईट जागा आहे. केस असतात, तेलकटपणा असतो, माणूस हसला की ओळ वाकडी होते. लंडनच्या पाठीवर अक्षर सुरेख आलं. एका बँकवाल्याची पाठ इतकी रुंद होती की 'रविवारची लेन द्या' हेसुद्धा मावलं. सव्वासहाला निघालो. मोराज सर्कल येईपर्यंत अंगं तापली, घाम सुटला आणि शाई ओघळायला लागली. सानपाडा मागे पडलं तेव्हा समोरच्या पाठीवर निळा ओघळ आणि वर नुसतं 'आ' उरला होता. पुढे तोही गेला. आमचा सगळा युक्तिवाद अशा रीतीने पहिल्या चार किलोमीटरांत कमरेच्या पट्ट्यात जिरला.

सिग्नलला एक दुधाचा टेम्पो शेजारी थांबला. आतला माणूस पुढे वाकला आणि अगदी आपुलकीने विचारलं, "कुठल्या कंपनीचे तुम्ही?"

बँकवाला म्हणाला, "कंपनी नाही हो, सायकलवाले."

"पगार थकलाय?"

"नाही, नाही."

टेम्पोवाल्याने त्याच्या सायकलकडे पाहिलं. लाखाच्या आतबाहेरची असेल. मग पोटाकडे पाहिलं. सिग्नल सुटला. जाताना तो म्हणाला, "मिळंल, मिळंल. धीर धरा."

बेलापूरपर्यंत हाच प्रश्न आणखी दोनदा आला. एका मॉर्निंग वॉकवाल्या आजोबांनी होळी लवकर आली का विचारलं. एका बाईंनी रस्त्याच्या कडेला थांबून हात जोडले, त्यांना काय वाटलं ते देव जाणे. सायकलचा अपघात, वेग, लेन, यातलं काही उघड्या पाठींवरून कुणाला वाचता आलं नाही. लंडनमध्ये उघडी पाठ विचित्र दिसते म्हणून लोक विचारतात, हे काय? आमच्याकडे उघडी पाठ ओळखीची आहे, म्हणून लोक विचारतात, किती थकलं?

मात्र एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आणि ती सांगितलीच पाहिजे. मी रांगेच्या शेवटी होते. पुढच्या उघड्या घोळक्याला ओलांडताना गाड्या हळू होत होत्या, पार पलीकडच्या लेनमधून जात होत्या. काही व्हिडिओ काढायला, काही नुसत्या बिचकून. आणि त्याच गाड्या मागे आम्हा बायकांपाशी येताना, नेहमीच्या जर्सीत, नेहमीसारख्या हॉर्न मारून हाताला वारा लागेल इतक्या जवळून गेल्या होत्या. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर नावाच्या संशोधकाने सायकलवर अंतर मोजणारं यंत्र लावून असा प्रयोग केला होता. लांब केसांचा टोप घालून, मागून बाई वाटेल असा, तो निघाला तेव्हा गाड्यांनी त्याला जास्त जागा दिली. आमच्याकडे जागा मिळाली ती उघड्या पुरुषांना. चालवणाऱ्याला समोरचा माणूस वेगळा दिसला तर त्याचा पाय ब्रेककडे जातो, एवढं खरं. पण रोज वेगळं दिसायचं कसं?

किल्ला जंक्शनला आठच्या आत पोचलो. निवेदन दिलं, फोटो काढला. बंदोबस्ताला आलेल्या उपनिरीक्षक मॅडमनी माझ्या हातावरची मेंदी वाचली आणि कोन कुठून आणला ते विचारलं.

दुपारपर्यंत एक फोटो सगळीकडे फिरला. फोटोत बँकवाल्याचं पोट. मागण्या नाहीत, रस्ता नाही, पोट. त्याच्या मुलीच्या शाळेच्या ग्रुपवरही पोचला. तो आठवडाभर राईडला आला नाही आणि आम्ही कुणी त्याला फोनही केला नाही, ही आमची चूक. तो पोट आत ओढून न बसलेला एकटाच माणूस होता, म्हणजे खरं तर राईडचा अर्थ त्यालाच सगळ्यांत चांगला कळला होता.

आणि चार दिवसांनी बैठकीचं बोलावणं आलं. चौदा महिने जे पत्रांना जमलं नव्हतं ते झालं. बैठक चाळीस मिनिटं चालली. त्यातली पंचवीस मिनिटं शहराची प्रतिमा, लहान मुलांवर होणारे संस्कार आणि 'हे आपल्या संस्कृतीत बसतं का' यावर गेली. काका म्हणाले, "साहेब, मी बायपासचा माणूस, माझं अंग बघून कुणावर काय संस्कार होणार?" उरलेल्या पंधरा मिनिटांत वहिनींनी नकाशा पसरला. गेल्या दोन वर्षांत ग्रुपमधल्या कुणाला कुठे गाडी घासली, कुठे थोडक्यात वाचलो, अशा जागांवर लाल ठिपके होते. तो कागद खरं म्हणजे पोलिसांच्या अर्जाला जोडायचा म्हणून बनवला होता. बैठकीतल्या एका अभियंत्याने तो मोबाईलवर टिपून घेतला आणि कुठला ठिपका नेमका कुठल्या खांबापाशी ते विचारलं. कपड्यांबद्दल तो एक शब्दही बोलला नाही.

पुढचे तीन रविवार डावीकडे कोन लागले. चौथ्या रविवारी नव्हते. एका चौकाच्या आधी रस्त्यावर पांढऱ्या जाड पट्ट्या आल्या, त्यावरून गाडी खडखडते. त्या आहेत अजून.

लंडन म्हणतो, दरवर्षी काढू, सवय झाली की लोकांना अर्थ कळेल. मला शंका आहे. पोर्टलंडला अमेरिकेत हजारोंनी लोक येतात. २००८ मध्ये तिथल्या एका न्यायाधीशाने नागड्या सायकलस्वाराला सोडून देताना ही शहराची रुळलेली परंपरा आहे असं म्हटलं. परंपरा झाली म्हणजे गणपतीसारखं झालं, बंदोबस्त लागतो, मार्ग ठरतो, तेलाचा विषय कुणी काढत नाही. तरी त्याच पोर्टलंडमध्ये ऑक्टोबर २०२५ ला, शहरात नॅशनल गार्ड, म्हणजे राखीव सैन्य, आणायचं चाललं होतं तेव्हा, लोक भर पावसात पुन्हा तशाच सायकली घेऊन निघाले. म्हणजे सवयीचा उपयोगही होतो. लंडनने हे मला सुनावलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण आमच्या ग्रुपमध्ये पुढच्या वेळी शर्ट काढायला आत्तापर्यंत चारच जणांनी हात वर केलाय, आणि त्यात काका आहेत.

मेंदीचं राहिलं. पाठीवरची शाई चार किलोमीटर टिकली, माझ्या डाव्या हातावरची मेंदी बारा दिवस. कोपरापासून मनगटापर्यंत 'आता दिसते का?' लॅबमध्ये हातमोजा मनगटापर्यंतच येतो. आणि रक्त देताना माणसं सुई सोडून दुसरीकडे कुठेतरी बघतात, म्हणजे माझ्या हाताकडेच. पहिल्या दिवशी सात जणांनी विचारलं. एका आजींनी कुणाचं लग्न ते विचारलं, आणि सायकलचं सांगितल्यावर नातवाला आता सायकल घेऊ देत नाही म्हणाल्या. हे काही मला अभिप्रेत नव्हतं.

दहाव्या दिवशी एक माणूस आला, पस्तिशीचा, उपाशीपोटीची साखर द्यायला. मेंदी फिकट नारिंगी झाली होती. पट्टा बांधला, मूठ वळा म्हटलं. तो हात वाचत होता.

"काय दिसते का, मॅडम?"

मी सांगितलं. पाम बीच, पहाट, सायकल, मागून येणाऱ्या गाड्या.

"मी कॅब चालवतो," तो म्हणाला. शीर सापडली होती, मी सुई घातली. तो जराही हलला नाही. "साडेपाचला तिथूनच परत येतो. आता दोन-दोन विमानतळ. रात्री आठला बसलेलो असतो गाडीत." मग थोडं थांबून, "तेव्हा दिसत नाही हो मॅडम. डोळे उघडे असतात, पण दिसत नाही."

नळी भरली. मी पट्टा सोडला, कापूस ठेवला.

"दाबून धरा," मी म्हटलं. "पाच मिनिटं. आणि बाहेर चहा घेऊन मगच गाडीत बसा."